देव्हाऱ्याचा सोनेरी वर्ख दर पावसाळ्यात काळा-हिरवा पडतो? घासायच्या आधी हे बघा

नारळी पौर्णिमा झाली की माझा फोन वाजायला लागतो. मुंबईचे चाकरमानी गणपतीसाठी घर उघडतात, देव्हाऱ्यावरचं कापड काढतात आणि मला फोटो पाठवतात. फोटोखाली प्रश्न ठरलेला, हे काय झालं. मागे वेंगुर्ल्याकडच्या एका आजीने तर फोनवर थेट झापलंच, "अरे, तुझो देव्हारो काळो कसो पडलो?" देव्हारा माझा नव्हताच खरं तर, मी तो फक्त तीनदा दुरुस्त केलेला. पण जो शेवटचा हात लावतो त्याच्याच नावावर बिल फाटतं, त्याला इलाज नाही.

मी वर्खाचं आणि पॉलिशचं काम करतो. देव्हारे, मखरं, फ्रेमा, पालखीचे दांडे, दशावताराचे मुकुटसुद्धा. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण तेच करायचो, काळा पडला की खरवडायचा आणि नवीन वर्ख लावून द्यायचा, पुढच्या श्रावणात परत तेच. मग एकदा खरवडलेला पापुद्रा फेकायच्या आधी सहज उलटा करून बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. वर्ख बिचारा शेवटी मरतो, दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. म्हणून आधी दुखणं ओळखा.

लक्षणं काय काय दिसतात

हिरवट, मोरचुदासारखे ठिपके, बारीक बारीक, बहुतेक करून खालच्या कडेला नाहीतर कोरीव कामाच्या खाचेत.

तपकिरी-काळे डाग, आणि नीट बघितलं तर त्यांना बोटांचा आकार. हे वर्ख लावल्यावर लगेच दिसत नाहीत, काही आठवड्यांनी वर येतात, त्यामुळे लोकांना वाटतं की मालच खराब होता.

पापुद्रे सुटणं. हात लावला की कागदासारखं निघतं.

वर सायीसारखा पांढुरका धूर धरल्यासारखा दिसतो, खाली सोनेरी आहे पण चमक नाही.

लाकडाच्या रेषांच्या दिशेने तडे.

आणि सगळीकडे सारखाच मळकट तेलकट काळेपणा, समईच्या बाजूला जास्त. हे शेवटचं दिसलं तर खुश व्हा, तुमचं काम फुकटात होणार आहे.

पहिलं: टॉर्च घ्या आणि नुसतं बघा

मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका मारा, समोरून मारू नका. डाग कुठे आहेत तेवढंच बघायचं. समुद्राच्या बाजूच्या खिडकीकडे जास्त आहेत की समई-निरांजनाच्या वर, की भिंतीला टेकलेल्या मागच्या बाजूला, की जिथे रोज अभिषेकाचं पाणी उडतं तिथे. निम्मं उत्तर इथेच मिळतं. कुडाळजवळ एका घरात सगळे डाग डाव्याच दारावर होते, उजवं दार एकदम लख्ख. दुसरं काही नव्हतं, पूजा करणारे काका डावखुरे, रोज आंघोळ करून ओल्या हाताने तेच दार ढकलायचे.

फोटो काढून ठेवा, नंतर वाढलं की नाही ते कळायला उपयोगी पडतो.

दुसरं: काजळी आहे का खराच डाग

कोरडा मऊ कापूस घ्या, दाबायचं नाही, नुसता फिरवायचा. कापूस काळा झाला तर ती काजळी, तुपाची, उदबत्तीची, कापराची. कोरड्याने गेलं नाही तर इअरबडला थोडं टर्पेंटाइन लावून मागच्या लपलेल्या कोपऱ्यात आधी बघा, तिथे बडला सोनेरी काही लागलं नाही तरच पुढे. थिनर अजिबात नको, थिनरने वरचा लेप, वर्ख, खालचं सगळं एकदम सुटून येतं. आणि हे करताना समई विझवलेली हवी, सांगायला नको पण सांगतो.

इथे एक कळकळीचं. आमसूल, चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, यातलं काहीही लावू नका. आपल्याकडे पितळेची भांडी आमसुलाने लख्ख होतात हे खरं, पण भांडं जाड असतं. खऱ्या सोन्याचा वर्ख साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो, म्हणजे दहा हजार पानं एकावर एक ठेवली तर कुठे एक मिलिमीटर होईल. पितळी वर्ख त्याच्याहून जाड असतो पण म्हणजे काय, तोसुद्धा फुंकरीने उडतो. एका काकूंनी गणपतीच्या आदल्या रात्री मखराच्या दोन खांबांना आमसुलाचं पाणी लावून सुती फडक्याने घासलं. मी पोचलो तेव्हा एक खांब गुलाबी झालेला, कारण पितळेतलं तांबं उघडं पडलेलं, आणि दुसऱ्यावर नुसता गेरूच्या रंगाचा थर शिल्लक. फडकं मात्र मस्त सोनेरी झालं होतं, काकूंनी ते धुवायला टाकलेलं.

तिसरं: तुमच्याकडे नक्की आहे काय

हे न बघता लोक पुढच्या उपायांना लागतात आणि पैसे घालवतात. 'गोल्ड लीफ' म्हणून दुकानात जे मिळतं त्यातलं बहुतेक तांबं-जस्ताचं, म्हणजे पितळ. चांदीसारखं दिसतं ते बहुतेक अॅल्युमिनियम. खरं सोनं वेगळं, खरी चांदी वेगळी, आणि बेगड आणखी वेगळी. बेगड म्हणजे तो चकचकीत रंगीत पत्रा-कागद, मुकुटाला आणि मखराला लावतात तो, त्यावरूनच आपण बेगडी माणूस म्हणतो. बेगडीचा मला राग नाही हो, दशावतारात रात्री बारा वाजता पेट्रोमॅक्सच्या नाहीतर हॅलोजनच्या उजेडात राजाच्या मुकुटावर ती जी चमकते तशी खरी सोन्याची पानंपण चमकणार नाहीत.

ओळखायचं कसं. वर्ख चौकोनी पानांत येतो आणि पानावर पान चढतं तिथे बारीक शिवण दिसते. शिवणीतलं अंतर १४ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेक पितळी, ८ च्या आसपास असेल तर खरं सोनं असू शकतं. शिवणच कुठे दिसत नसेल तर बहुतेक सोनेरी रंगच मारलेला आहे, त्याला वर्खाचे उपाय चालत नाहीत. आणि हिरवं पडलंय म्हणजे त्यात तांबं आहे, सोनं हिरवं पडत नाही. विकणाऱ्याने चोवीस कॅरेट सांगितलेलं असलं तरी.

उरलेलं पान घरात असेल तर बशीत ठेवून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब आणि चिमूटभर मीठ टाका आणि झाकून ठेवा. सकाळी हिरवं झालेलं असेल तर पितळ. ही परीक्षा सुट्या पानावरच करायची, देव्हाऱ्यावर करून मला फोन करू नका.

चांदीच्या वर्खाचं काळं पडणं वेगळं, ते गंधकामुळे. फटाक्यांच्या धुरात गंधक असतो, रबरातही असतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पण काही जण फ्रेमला लावतात, तो इतका पातळ असतो की त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नये, तो खायला ठीक आहे.

चौथं: वर लेप आहे का

पितळी वर्खाला वरून लेप पाहिजेच, लाखेचा नाहीतर वार्निशचा. आपल्या हवेत उघडा पितळी वर्ख म्हणजे पावसात उघडं ठेवलेलं लोणचं. लपलेल्या जागी इअरबडला स्पिरिट लावून दहा सेकंद टेकवा. चिकट लागलं, बड पिवळसर झाला, तर लाखेचा लेप आहे. काहीच झालं नाही तर एकतर वेगळं वार्निश आहे नाहीतर काहीच नाही. खाचांमध्ये बघा, घाईत लेप मारणाऱ्याचा ब्रश खाचेत जात नाही आणि हिरवे ठिपके नेमके तिथूनच सुरू होतात.

पांढुरका धूर धरलेला असेल तर तो बहुतेक वेळा ओल्या हवेत लाखेचा लेप मारल्यामुळे असतो, स्पिरिट उडताना थंडावा धरतं आणि हवेतलं पाणी लेपात अडकतं. वर्ख खाली ठणठणीत असतो. कडक ऊन पडलेल्या दिवशी दुपारी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला की बरेचदा साफ होतं. हात हलका नसेल तर करू नका. आणि खुल्या पडवीत, तुळशीवृंदावनाजवळ वगैरे लाखेचा लेप नकोच, पाणी लागलं की पांढरा होणारच तो.

खऱ्या सोन्याला मात्र लेपाची गरज नसते. उलट बाहेरच्या कामात वरचं वार्निशच आधी पिवळं पडून सुटतं आणि जाताना सोनं घेऊन जातं.

पाचवं: पापुद्रा उलटा करा

सगळ्यात जास्त शिकवतं ते हेच, आणि कोणीच करत नाही. सुटलेला एक तुकडा चिमट्याने उचला, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा, भिंग असेल तर भिंगाने बघा.

मागची बाजू पण स्वच्छ सोनेरी आहे, म्हणजे वर्ख एकटाच सुटला, तर चिकटवायचं द्रव्य चुकलं. ह्याला साइझ म्हणतात. एकतर ते पूर्ण सुकून गेल्यावर वर्ख लावला, नाहीतर साइझच्या जागी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला. पांढरा गोंद ओला असताना वर्ख लावला की आत पाणी कोंडतं आणि त्यात थोडी आम्लता पण असते, मग पितळ आतून हिरवं होतं आणि तुम्ही वरून कितीही लेप मारा. सिलिकॉनचा तो व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट असतो ना, तोसुद्धा तसाच, सुकताना आम्ल सोडतो. खिडकी भरून उरलेल्या ट्यूबने वर्ख चिकटवलेला मी बघितलाय.

मागे रंगाचा थर पण आला, तर वर्ख आणि साइझ निर्दोष आहेत, खालच्या रंगाने लाकूड सोडलंय. म्हणजे ओल. नाहीतर रंगाखाली तेलकटपणा.

मागे लाकडाचा भुगा आला तर थांबा. वाळवी, भुंगा नाहीतर कुजलेलं लाकूड. हे वर्खवाल्याचं कामच नाही, आधी सुतार.

तुकडा आतून चिकट आणि वरून सुरकुतलेला, म्हणजे साइझ ओलं असतानाच वर्ख दडपला. वर्ख त्यात बुडतो आणि मंद दिसतो. हे पुसून चमकत नाही, कधीच नाही.

सहावं: ओल आणि मीठ

आता आपल्या कोकणाचा खरा रोग. मिठाची बरणी जुलैत कशी होते बघा, तळाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचित येते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तेच मीठ असतं, ते देव्हाऱ्यावर बसतं, ओलं होतं, आणि लेपाला जिथे टाचणीएवढं भोक असेल तिथून पितळाला खायला लागतं. घामातही मीठच. म्हणून बोटांचे डाग. शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा दांड्याला किती जणांचे घामेजलेले हात लागतात मोजा, तिथे पितळी वर्ख लावूच नये असं माझं मत आहे, मी आता सरळ नाही म्हणतो. हात लागतो तेवढ्या भागाला पितळी पत्रा मारा नाहीतर नुसतं पॉलिश ठेवा.

तपासायचं असं. देव्हारा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागे हात लावून बघा. गार, दमट लागतंय? भिंतीवर पांढरी पावडर, म्हणजे लोणा? भिंतीवर एक फूट बाय एक फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर भिंत आतून ओली आहे. चिऱ्याची भिंत पाणी धरते, आणि खाडीची वाळू न धुता गिलाव्यात वापरलेली असेल तर मीठ कायमचं घरातच आलं. अशा भिंतीला लागून किंवा अशा खांबावर वर्ख परत लावणं म्हणजे पैसे खाडीत.

लाकडाची ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं. मी १२-१३ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर काम हातात घेत नाही. ऑगस्टमध्ये तो आकडा बंद घरात येतच नाही, म्हणून गणपतीच्या आधी पंधरा दिवस जे मला वर्ख लावून मागतात त्यांना मी दिवाळीनंतर या म्हणतो आणि ते नाराज होतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच ह्या कामाचे महिने.

फक्त भिंतीपासून पुढे ओढून, मागे हवा खेळती ठेवून, आणि प्लास्टिकऐवजी सुती कापड झाकून निम्म्या घरांचा त्रास थांबलाय. वर्षभर बंद असणाऱ्या घरात प्लास्टिक गुंडाळून जातात लोक, आत ओल शिजते नुसती.

सातवं: परत लावायचाच असेल तर

वरचं सगळं बघून झालं, कारण सापडलं, ते दूर केलं, तरच. आणि नवीन, साधं, तुमच्याच घरचं काम असेल तरच.

सुटलेला भाग काढा, पूर्ण लाकूड उघडं करायची हौस नको. ओल्या, पिळलेल्या कापडाने गोड्या पाण्याने पुसून मीठ काढा आणि पूर्ण वाळू द्या, पूर्ण म्हणजे दोन-तीन दिवस. २२० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मग रंगाचा खालचा थर, लाल गेरूच्या छटेचा असेल तर बरा, पानाला बारीक चीर गेली तरी ती डोळ्यात भरत नाही. दोन हात, मध्ये रात्रभर. मग साइझ पातळ, एकदम पातळ, ब्रशमध्ये राहिलेल्याचा शेवटचा हात.

आता थांबायचं. पाण्यातलं साइझ दुधासारखं असतं, ते काचेसारखं पारदर्शक झालं की तयार, डब्यावर १५-३० मिनिटं लिहिलेलं असतं पण दमट हवेत तास पण लागतो. तेलातलं असेल तर डब्यावरचे तीन तास आपल्याकडे पाच होतात, बारा तासांचं दुसऱ्या दिवसावर जातं. घड्याळ बघू नका, बोटाचं पेर उलट्या बाजूने टेकवा आणि उचला. बारीक 'चट्' आवाज आला आणि पेराला काही लागलं नाही, तोच क्षण. लागलं तर लवकर आहे, आवाजच नाही तर उशीर झाला, परत एक हात मारा.

हाताला टाल्कम पावडर नाहीतर सुती हातमोजे. पंखा बंद. पान ठेवा, मऊ ब्रशने (मेकअपचा मोठा ब्रश छान चालतो) दाबा, उरलेलं झाडून घ्या, ते झाडलेले तुकडे भेगांत कामाला येतात. तेलाच्या साइझवर तीन दिवस तरी थांबून मगच लेप. घाईत वर लेप मारला की आतलं द्रावण कोंडतं आणि वर्ख सुरकुततो. लेप दोन पातळ हात, खाचा आधी, मग सपाट भाग.

ज्यांना समुद्र घरातून दिसतो त्यांना मी एक जुनी युक्ती सांगतो, पितळी सोडा, अॅल्युमिनियमचा वर्ख लावा आणि त्यावर पिवळसर नारिंगी लाखेचा लेप. लांबून सोनंच वाटतं आणि हिरवं पडायला आत तांबंच नाही. फक्त ताज्या सिमेंटवर किंवा ताज्या चुन्यावर अॅल्युमिनियम नको, त्याला क्षार खातो.

कुठे हात थांबवायचा

काम आजोबा-पणजोबांच्या काळातलं असेल, तर पहिल्या दोन तपासण्यांच्या पुढे जाऊ नका, पॉलिश पेपर तर हातातच घेऊ नका. जुन्या लाल थरात शेंदूर असू शकतो आणि शेंदरात शिसं असतं, कोरडं घासलं की ती धूळ तुमच्या आणि घरातल्या पोरांच्या पोटात जाते. जुनी रंगीत मूर्ती, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले जुने पत्ते, देवळाच्या सभामंडपाचं कोरीव लाकूडकाम, खरं सोनं असल्याचा नुसता संशय, ह्या सगळ्याला संवर्धनाचं काम शिकलेला माणूसच पाहिजे, मी पण नाही आणि गावातला पेंटर तर नाहीच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे आधी विचारा. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खिळासुद्धा काढायचा नसतो.

भिंतीत ओल निघाली तर गवंडी आणि वॉटरप्रूफिंगवाला. लाकूड पोकळ वाजलं तर सुतार. शिखरावरचा कळस असेल तर परांचीवर उभं राहून हौस करू नका. आणि जुन्या तांब्याच्या वस्तूला कोणी पारा वापरून मुलामा देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, पाऱ्याची वाफ विषारी असते.

कोणालाही बोलवा, पण तो सुटलेला पापुद्रा फेकू नका. कागदाच्या पाकिटात घाला, प्लास्टिकच्या नको, वर देव्हाऱ्याचा कुठला भाग आणि तारीख लिहा. येणाऱ्याने तो उलटा करून बघितलाच नाही आणि थेट स्क्वेअर फुटाचा रेट सांगायला लागला, तर त्याला चहा द्या आणि दुसरा माणूस शोधा.